एमटीआर, लालबाग रोड, बंगळूर: महायुद्धातल्या टंचाईत जन्मलेली रवा इडली

बंगळूरला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, बाकी काही राहिलं तरी चालेल पण लालबाग रोडवरच्या जुन्या एमटीआरमध्ये जाऊन रवा इडली खाऊन या. आपल्याकडे घरोघरी एमटीआरची पाकिटं येतात त्यामुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचं असतं, पण ही इडली मुळात का केली गेली हे विचारलं तर फार कमी जणांना सांगता येतं, आणि मला वाटतं ते माहीत असलं की तिथे बसून खायची मजा खूप वाढते.

उडुपीकडच्या मैय्या भावांनी १९२४ साली बंगळूरला छोटंसं हॉटेल काढलं, तेव्हा नाव होतं ब्राह्मिन कॉफी क्लब. मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच एमटीआर, हे नाव नंतरचं, १९६० साली लालबागजवळच्या आत्ताच्या जागेत आले तेव्हाचं. मधे आलं दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतलं, बघता बघता ब्रह्मदेश हातचा गेला आणि तिथून बोटी भरभरून येणारा तांदूळ बंदच झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत रेशनिंग आलं, बंगालमध्ये तर दुष्काळात लाखो माणसं गेली. असे दिवस, आणि यांचा धंदा कसला तर इडली-डोशाचा! एमटीआरवाले सांगतात की तेव्हा त्यांनी तांदळाऐवजी रवा घेऊन बघितला, दही आणि सोडा घालून पीठ भिजवलं, वर मोहरी, चणाडाळ, कढीपत्त्याची फोडणी दिली आणि ते इडलीच्या साच्यात वाफवलं. ना वाटण, ना रात्रभर आंबवणं. म्हणजे आज आपण जिला झटपट नाश्ता म्हणतो ती खरं तर तांदूळ मिळेना म्हणून काढलेली वाट होती.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की अडचणीत सुचलेला पदार्थ असूनही ताटात कुठे काटकसर दिसत नाही. इडली चांगली मोठी, वर काजू, मधेमधे कोथिंबीर आणि मिरचीचे तुकडे, सोबत बटाट्याचं सागू (म्हणजे रस्साभाजी), चटणी आणि छोट्या वाटीत पातळ गरम तूप. इडली बोटांनी मोडली की आतून रवाळ आणि ओलसर, तूप ओतलं की लगेच आत जिरतं. टेबल अनोळखी लोकांबरोबर शेअर करावं लागतं, आमच्या समोर एक कानडी आजोबा बसले होते, त्यांनी आधी इडलीचे चार तुकडे केले, मग सगळी वाटी त्यावर उपडी केली आणि मला खुणेने सांगितलं की तूही असंच कर. केलं, आणि खरंच चव बदलली! एरवी मी बाहेर रवा इडली मागवतच नाही, एका ठिकाणी (नाव नको) इतकी कोरडी मिळाली होती की सांबारात बुडवून गिळावी लागली.

नंतर फिल्टर कॉफी, चांदीचा मुलामा दिलेल्या पेल्यात. कडक आणि दाट. स्वच्छता बघून तर घरातल्या मोठ्यांनाही बरं वाटेल, त्या भावांपैकी यज्ञनारायण मैय्या १९५१ साली युरोपला जाऊन आले आणि तिथलं बघून त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करायला लावली, ते वळण अजून टिकलंय असं वाटतं.

दुसऱ्यांदा संकट आलं ते १९७५ च्या आणीबाणीत. खाण्याच्या पदार्थांचे दर सरकारने इतके खाली आणले की त्या पैशात त्यांना हवा तसा माल वापरून हॉटेल चालवणं परवडेना, काही काळ बंद ठेवावं लागलं. तेव्हा माणसांना काम राहावं म्हणून तयार पीठं पाकिटात भरून विकायला सुरुवात केली आणि त्यातूनच एमटीआर फूड्सचा मोठा धंदा उभा राहिला. युद्धातली रवा इडली इथे परत कामाला आली बघा, आंबवायची भानगड नाही त्यामुळे कोरडं मिक्स करायला एकदम सोयीची. २००७ साली तो पाकिटांचा धंदा नॉर्वेच्या ऑर्क्ला कंपनीने घेतला. हॉटेल मात्र मैय्यांच्या घरातच राहिलं, आता हेमामालिनी मैय्या आणि त्यांचे भाऊ ही तिसरी पिढी ते बघते, सिंगापूर-लंडनपर्यंत शाखा गेल्यात. म्हणून म्हणते पाकीट आणि हॉटेल एकच समजू नका. पाकीट मीही आणते, सकाळच्या घाईत ते कामाचं आहेच, पण आजोबांच्या पिढीने अडचणीत जो पदार्थ शोधला तो नातवंडं स्वतः उभं राहून करून घेतात याचं मला फार अप्रूप आहे.

जाणार असाल तर सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. रविवारी सकाळी प्रचंड गर्दी, नाव देऊन थांबायची तयारी हवी, पण रविवारीच चंद्रहार नावाची गोड पुरी मिळते, खुसखुशीत आणि वर दाट दुधाचा रस, त्यामुळे गोड आवडणाऱ्यांनी रविवारच धरावा. लहान मुलं असतील तर लवकर जा. आणि रवा इडली माणशी एक मागवा, दोघांत एक पुरत नाही.