जहाजावरचा टेंपरेचर-ह्युमिडिटी सेन्सर: सात महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्याच्या टोपीबद्दल

सेन्सर कुठला ते वापरणाऱ्यांना कळेलच, पांढऱ्या थाळ्यांच्या ढालीत बसतो तो, मरीन म्हणून विकतात. रेंज, अचूकता वगैरे परत लिहीत नाही. जुलैपासून वापरतेय, बंगालच्या उपसागरात दोन संशोधन क्रूझ झाल्या. पहिल्या क्रूझनंतर कोणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हणाले असते.

कारण जुलैत त्याने खरंच जीव खूश केला. एका दुपारी मोठा ढग अंगावर आला, पावसाआधीच गार वारा सुटला आणि दहा मिनिटांत तापमान २८.६ वरून २५.१ वर आलं, स्क्रीनवर आकडा उतरताना दिसत होता. हाताने फिरवायच्या सायक्रोमीटरला (दोन थर्मामीटर, एक कोरडा, एक ओल्या वातीचा, दोघांतल्या फरकावरून आर्द्रता काढायची) हे जमतच नाही, कापडाची वात भिजवून फिरवेपर्यंत निम्मं संपलेलं असतं. लॉगर, बॅटरी, केबल, कशाचीच तक्रार नाही.

जानेवारीत गोची झाली. तेव्हा वारा ईशान्येकडून जमिनीवरून येतो, हवा कोरडी असते, आणि ह्याची आर्द्रता ७६ टक्क्यांवरून हलेचना. शंका आली म्हणून पेटीतला जुना सायक्रोमीटर काढला, वाऱ्याच्या बाजूला उभी राहून फिरवला. कोरडा २६, ओला २२, म्हणजे ७१ टक्के. तीनदा केलं, तेच.

पाच टक्क्यांनी एवढं काय बिघडतं असं टीममधल्याच एकाने विचारलं, तर हिशोब बघा. २६ अंशाला पाच टक्के म्हणजे किलोभर हवेत साधारण १ ग्रॅम वाफ जास्त दिसते, वारा ७ मीटर प्रति सेकंद धरला तर बाष्पीभवनाने समुद्रातून जाणारी उष्णता चौरस मीटरमागे २५ वॅट कमी निघते, आणि समुद्राचा वरचा २० मीटरचा थर धरला तर महिन्याभरात त्याच्या तापमानाच्या हिशोबात पाऊण अंशाचा घोळ. मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ, जोसेफ आणि जोशी यांनी १९८४ मध्ये दाखवलं की समुद्राचं तापमान २८ अंशांच्या आसपासचा उंबरठा ओलांडतं तिथे ढगांची वाढ एकदम बदलते. १९९९ ला बॉबमेक्स या मान्सूनच्या मोहिमेत सागर कन्या हे संशोधन जहाज याच उपसागरात जाऊन उभं होतं ते ढग आणि समुद्राचं हेच नातं मोजायला. अशा कामात पाऊण अंश मला सोडून देता येत नाही.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं, परत पाठवा, कॅलिब्रेशनचे ३४ हजार, दहा आठवडे. मिठाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणे. मरीन म्हणून विकलेल्या वस्तूला मीठ लागतं हे त्यांना विकताना माहीत नव्हतं का?

एवढे पैसे प्रोजेक्टमध्ये नव्हते, म्हणून बरणीची टेस्ट केली. काचेच्या बरणीत लॅबचं शुद्ध मीठ, त्यात थोडंसंच पाणी, ओल्या वाळूसारखं होईल एवढं, झाकणाला भोक पाडून सेन्सर आत आणि रात्रभर तसंच. अशा बरणीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी आकडा ७५.४. कंपनीचा इंजिनिअर लगेच म्हणाला, बघा मॅडम, सेन्सर ठीक आहे, तुमचीच मांडणी चुकली असेल. मीही दोन दिवस तेच धरून बसले, सायक्रोमीटरची वात बदलली, पाणी बदललं.

मग टोपी काढून उजेडात धरली. सेन्सरच्या तोंडावरची ती बोटाच्या पेराएवढी फिल्टरची टोपी, तिच्या कडेला पांढरट साय धरलेली, जिभेला लावली तर खारट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टोपीवर मीठ आणि बरणीतही मीठ! ७५ च्या वर मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, हवा त्याच्या खाली गेली की तेच पाणी आत सोडत बसतं. म्हणजे मळकी टोपी मिठाच्या बरणीत पास होणारच. जुलैत हवा सतत ८० च्या वर असायची आणि टोपीही नवी होती, त्यामुळे तेव्हा काही कळलंच नाही.

स्पेअर टोपी २८०० ची एकच होती, ती लावली. अर्ध्या तासात ७१.

त्यामुळे वर जे रागाने लिहिलंय ते सेन्सरबद्दल नाही, टोपीबद्दल आणि सर्व्हिसबद्दल आहे. आतला घटक चांगला आहे, तो मी पुन्हा घेईन. पण मॅन्युअलच्या ४० पानांत टोपी कधी धुवायची याची एक ओळ नाही, बॉक्समध्ये दुसरी टोपी देत नाहीत, आणि सर्व्हिसवाल्याने पहिल्या मेलला 'टोपी बदलून बघा' एवढं म्हटलं असतं तर माझा दहा दिवसांचा डेटा वाचला असता. तो डेटा आता दर तीन तासांच्या सायक्रोमीटरच्या नोंदींवरून दुरुस्त करत बसलेय.

घेणार असाल तर निदान तीन टोप्या सोबतच मागवा. जुनी टोपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची, घासायची नाही, सावलीत वाळवायची. मी आता दर सहा दिवसांनी बदलते आणि लॉगशीटवर वेळ लिहिते. बदलण्याआधी आणि नंतर सायक्रोमीटर फिरवायचा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. पाचपैकी साडेतीन, टोपी बॉक्समध्ये दिली असती तर साडेचार.