होगार्थ की गिलरे?

ब्रिटिश व्यंगचित्रं बघायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी दोन चित्रं शेजारी ठेवतो: विल्यम होगार्थचं 'जिन लेन' (१७५१) आणि जेम्स गिलरेचं 'द प्लम पुडिंग इन डेंजर' (१८०५).

होगार्थची गल्ली माणसांनी गच्च भरली आहे. मधोमध पायऱ्यांवर झिंगलेली आई तपकिरीची चिमूट घेण्यात गुंग आहे. तिच्या हातून निसटलेलं मूल कठड्यावरून खाली पडतंय आणि तिला त्याचा पत्ताच नाही. मागे घरं ढासळताहेत, गहाणवटीचं दुकान तेवढं तेजीत! हे चित्र एका नजरेत संपत नाही, कोपरान् कोपरा वाचावा लागतो. माझी नजर मात्र दर वेळी त्या मुलावरच अडकते. त्याच वर्षी जिन या स्वस्त दारूच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा झाला.

गिलरेला दोनच माणसं पुरतात. काटकुळा पंतप्रधान पिट आणि बुटका नेपोलियन, मधे टेबलावर पुडिंगसारखा वाफाळणारा पृथ्वीगोल. पिट त्रिशूळासारखा काटा रोवून समुद्राचा मोठा तुकडा कापतोय, नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठून तलवारीने युरोप तोडतोय. क्षणात कळतं. नेपोलियनची बुटकी प्रतिमा जनमानसात रुजली, त्यात गिलरेचा वाटा मोठा.

काळीज हलवतो होगार्थ. पण राजकीय व्यंगचित्र शिकायचं तर मी गिलरेच सुचवेन. फक्त एक ध्यानात ठेवा: १७९७ पासून काही वर्षं त्याला सरकारकडूनच पेन्शन मिळत होती.