बिलावर ३६००, आत २६६६

विंडोजमधलं टास्क मॅनेजर उघडलं, मेमरीवर क्लिक केलं आणि वेगासमोर ३६०० दिसलं, की ३६०० ची रॅम मिळाली असं समजून दुकानातून बाहेर पडू नका. रॅम आत्ता किती वेगाने पळवली जातेय, एवढंच तो आकडा सांगतो. ती मुळात किती वेगासाठी बनवली आहे, ते तिथे कळत नाही. म्हापशातल्या एका दुकानाने एवढ्याशा फटीतून माझ्याकडून बरेच पैसे उकळले आणि पुढे तोच आकडा दाखवून वॉरंटीही नाकारली.

नाटकं, भजनस्पर्धा, लग्नं यांचं शूटिंग आणि एडिटिंग हा माझा धंदा. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असा पीसी मे महिन्यात असेंबल करून घेतला. रॅम ३६०० चीच घ्या, या प्रोसेसरच्या आतली जोडणी १८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ३६०० च्या निम्म्यावर, मेमरीच्या तालात चालते, त्याचा फायदा होतो, असं दुकानदाराने समजावलं. ते खरंही आहे, म्हणून तर विश्वास बसला. वर चकचकीत ॲल्युमिनियमचं कव्हर, त्यावर कंपनीचं स्टिकर. स्क्रीनवर ३६०० दाखवलं, मी पैसे दिले.

पाऊस सुरू झाला आणि मशीन बिघडायला लागलं. रेंडर अर्ध्यावर तुटायचं, मध्येच निळी स्क्रीन यायची. कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. दर वेळी वेगळं कारण. एका भजनस्पर्धेच्या रेकॉर्डिंगमध्ये गवळण ऐन रंगात आलेली असताना पडद्यावर हिरवे चौकोन उमटले. कॅमेऱ्याच्या कार्डातली मूळ फाइल ठीक होती, पीसीवर कॉपी झालेली खराब. कार्ड अजून पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. रॅममध्ये चूक असली की पीसी बंद पडतो, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण तो बंद न पडता गुपचूप चुकीचा डेटा डिस्कवर लिहितो, हे जास्त वाईट.

दुकानात नेलं. “पावसांत अशेंच जाता, बाब,” (पावसात असंच होतं) म्हणत त्याने स्टिक काढल्या, सोनेरी पिना खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. दमट हवेने पिनांवर थर चढतो आणि खोडरबराने तो निघतो, यात खोटं काही नाही, आपल्याकडे तर नाहीच. पण निळी स्क्रीन येतच राहिली. मग गावातला व्होल्टेज खराब ठरला आणि नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गळ्यात पडला. मग विंडोज पुन्हा टाकायचे पैसे. रॅम तपासून बघू, हे मात्र तो एकदाही म्हणाला नाही.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारा भाचा सुट्टीत आला. “मामा, विंडोजला हात लावू नका, आधी मेमटेस्ट८६ चालवू,” म्हणाला. रॅम तपासणारा हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर टाकायचा आणि पीसी त्यावरूनच सुरू करायचा, म्हणजे विंडोजचा संबंधच राहत नाही. चार फेऱ्या असतात. ३२ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपायचं. आम्हाला झोपायची वेळच आली नाही, पहिल्याच फेरीत लाल ओळी सुरू झाल्या. प्रत्येक ओळीत पत्ता, जो आकडा यायला हवा होता तो आणि जो आला तो. लांबलचक आकडे, फरक एखाद्याच अक्षराचा. या चाचणीत एक चूक चालते असं नसतं, शून्यच हवं.

मग सीपीयू-झेड हा पीसीच्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडला. त्यातल्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्टिकच्या चिपमध्ये नोंदलेली माहिती दिसते. दोन स्टिकचे पार्ट नंबर वेगवेगळे आणि दोन्ही स्टिकरवरच्या नंबरशी न जुळणारे. कमाल वेग १३३३ मेगाहर्ट्झ. डीडीआर म्हणजे आजच्या रॅमच्या प्रकारात हा आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे २६६६. एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे कंपनीने भरून दिलेली जास्त वेगाची सेटिंग्ज, नाहीच. खऱ्या ३६०० च्या स्टिकमध्ये ते असतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू केलं की वेग, टायमिंग आणि सहसा १.३५ व्होल्ट आपोआप लागतात. आमच्या बायोसमध्ये सगळं हाताने भरलेलं होतं: ३६००, आणि साध्या डीडीआर४ ला लागणाऱ्या १.२ ऐवजी १.४५ व्होल्ट. सीमॉस क्लिअर केल्यावर, म्हणजे ही सेटिंग्ज पुसून मूळ जागी आणल्यावर, रॅम २६६६ वर आली आणि रात्रभराच्या चाचणीत एकही चूक निघाली नाही. म्हणजे स्टिक बिघडलेल्या नव्हत्याच, झेपत नाही त्या वेगाने पळवल्या होत्या.

हे घेऊन गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “तुम्ही ओव्हरक्लॉक केलंत, वॉरंटी गेली.” ओव्हरक्लॉक म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. त्याच्या बेरकीपणाची दाद द्यावी लागेल. स्वतःच केलेलं ओव्हरक्लॉकिंग गिऱ्हाइकाच्या नावावर टाकायचं! पण सीमॉस क्लिअर करण्याआधी भाच्याने बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. हीच सेटिंग्ज बायोसमध्ये एका प्रोफाइलमध्ये साठवलेली होती आणि त्या प्रोफाइलला नाव होतं दुकानाच्याच आद्याक्षरांचं. फोटो पाहून त्याने आतल्या पोऱ्याला हाक मारली, बोलणं एकदम मऊ झालं.

एक सांगायला हवं. चूक निघाली म्हणजे दुकानदार चोरच, असं नाही. एक्सएमपी हेही तसं ओव्हरक्लॉकिंगच, आणि ५६०० प्रोसेसरला तो बनवणारी एएमडी कंपनी अधिकृतपणे ३२०० पर्यंतच हमी देते. त्यामुळे अस्सल ३६०० ची जोडीही एखाद्या बोर्डावर अडखळते. तेव्हा आधी मूळ सेटिंगवर चाचणी घ्या. तिथे चुका थांबल्या तर वेग उतरवून बघा. मूळ सेटिंगवरही चुका आल्या तर एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये घालून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळतं. पण स्टिकर आणि एसपीडीतला पार्ट नंबर जुळत नसेल, तर तपासण्यासारखं काही उरत नाही. काही जण एसपीडीतली माहितीही बदलून देतात, म्हणून नंबर जुळले तरी मेमटेस्ट चुकवू नका. आणि बिलावर नुसतं ‘३२ जीबी रॅम’ लिहून घेऊ नका, पूर्ण पार्ट नंबर मागा. माझ्या बिलावर ‘३६००’ होतं, त्यामुळे भांडता आलं.

रॅमचे पैसे परत मिळाले. एसएमपीएसचे द्यायला तो तयार नाही, ‘तो तर चालतोय ना’ म्हणतो. त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.