बिडाचा तवा, आठ महिन्यांनंतर (घरात पक्षी असतील त्यांनी वाचाच)

डोसे छान होतात म्हणून मी हा तवा घेतला नाही. आमचा कॉकटेल शिट्टू गेला, म्हणून घेतला. (पक्षी खरं तर कॉकटील, तुरेवाला छोटा पोपट, पण दुकानदारापासून शेजारणीपर्यंत सगळे कॉकटेलच म्हणतात. तसंच साध्या बजरीला लव्हबर्ड.)

फेब्रुवारीतली सकाळ. नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि कुरिअरवाला आला. ओटीपी येईना, पुन्हा पाठवा, असं करत सात-आठ मिनिटं गेली. परत आले तर तवा रिकामाच कडकडीत तापलेला. धूर असा दिसलाही नाही, नुसता प्लॅस्टिकसारखा उग्र वास. गॅस बंद केला, खिडकी उघडली, कामाला लागले. थोड्या वेळाने हॉलमध्ये पाहिलं तर शिट्टू दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाला बसलेला. चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली. न्यायला खोका शोधेपर्यंत सगळं संपलं. दोन बजरी मागच्या खोलीत दार लावून होत्या, म्हणून वाचल्या.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. नॉनस्टिकचा लेप बहुतेक वेळा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो. तो साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याचं विघटन सुरू होतं, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर तिथवर पोचायला काही मिनिटं पुरतात. आपल्याला बहुतेक वेळा नुसता खोकला, ताप. पक्ष्यांच्या शरीरात मात्र हवेच्या पिशव्या असतात, फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. उडायला ते लागतंच. पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात उतरतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी बाळगत ते याच कारणाने.

आणि हो, तव्याच्या खोक्यावर ‘पीएफओए फ्री’ छापलं होतं, त्यावर मी निर्धास्त होते. पीएफओए वेगळं, लेप तयार करताना वापरायचं रसायन. ते नसलं तरी लेप पीटीएफईचाच असू शकतो.

मग मंडईजवळून हा बिडाचा तवा आणला. दुकानदार म्हणाला, “मुरवलेला आहे ताई, आज नेऊन आजच करा.” कसला मुरवलेला! दोन दिवस तांदळाच्या पेजेत भिजवला, घासला, मग तेल लावून तापवायचं. इथे थोडक्यात वाचले. तेल लावून तापवताना बीड सडकून धूर सोडतं, आणि जळक्या तेलाचा धूरही पक्ष्यांना बाधतो. ज्यासाठी तवा आणला तेच करून बसले असते. बजरींना दोन दिवस आईकडे पाठवलं आणि मगच तवा मुरवायला घेतला.

पहिला महिना नुसता वैताग. घावन उलथन्याने खरवडून काढलं, तर सासूबाई बघून म्हणाल्या, “पिठलं केलंस का गं?” शेवटी त्यांनीच युक्ती दिली: अर्धा कांदा काट्याला खोचायचा, तेलात बुडवायचा आणि प्रत्येक घावनाआधी तव्यावर फिरवायचा. तिसऱ्या महिन्यापासून घावन आपसूक सुटायला लागलं. थालीपिठाला कडेने जो खमंगपणा येतो तो नॉनस्टिकवर मला कधीच मिळाला नव्हता. अंडं मात्र अजून चिकटतं. चिंच-टोमॅटोचं काही करायचं नाही, मुरवण, म्हणजे तव्यावर बसलेला तेलाचा थर, उतरते. पावसाळ्यात एकदा ओला तवा रात्रभर सिंकमध्ये राहिला, सकाळी नारिंगी. वजन इतकं की एका हाताने उचलायचा नाद मी सोडलाय.

तवा बदलून मी मोकळी झाले असं वाटत होतं. पण सँडविच टोस्टरलाही तोच लेप निघाला, तो देऊन टाकला. इस्त्रीच्या तळालाही असू शकतो, म्हणून इस्त्री आता बाल्कनीत. डासांची कॉईल आणि प्लगमधलं लिक्विड बंद, खिडक्यांना जाळ्या. डांबरगोळ्या कपाटातून बाहेर. गणपतीत पिंजरा दहा दिवस मागच्या खोलीत, कारण धूप-कापूर थांबवा म्हणायची माझी हिंमत नाही. मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावते. पाहुण्यांनी आणलेला अव्हाकाडो मुलगा बजरीला भरवायला निघाला होता, हातातून काढून घेतला; त्यातलं पर्सिन पक्ष्यांना मारू शकतं. आणि स्वस्तातला जस्ताचा मुलामा दिलेला पिंजरा भंगारात गेला, बजरी दिवसभर तारा कुरतडतात आणि ते जस्त पोटात जातं. एवढं सगळं आधी ठाऊक असतं तर, असं वाटतंच.

तव्याला पाचात चार तारे. एक कापला तो अंड्यासाठी आणि दुकानदाराच्या थापेसाठी.

बीड तापलं की तेल धुरकटतं, हे मी विसरत नाही. तवा गॅसवर असताना बेल वाजली तर आधी गॅस बंद करते, मग दार उघडते. कुरिअरवाला दोनदा परत गेलाय.