कासव नर की मादी: नखं बघावीत की शेपूट?

दुकानात मिळणारं लाल कानाचं कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, पोटाकडचं कवच साधारण 10 सेंटीमीटर लांब होईपर्यंत नर-मादी ओळखू देत नाही. त्याआधी विक्रेता सांगतो तो निव्वळ अंदाज. त्यावर विसंबून जोडी घेऊ नका.

नखं बघणं सोपं, कासवाला उचलावंही लागत नाही. नराच्या पुढच्या पायांची नखं मागच्यांपेक्षा कितीतरी लांब असतात, मादीची आखूड. पण खरबरीत दगडावर ती झिजतात, तुटतातही.

शेपूट जास्त भरवशाची. कवच दोन्ही बाजूंनी धरून कासव उचला आणि शेपटीवरचं छिद्र (विष्ठा बाहेर पडते ते) कुठे आहे ते पाहा. शेपूट मुळाशी जाड, लांब आणि छिद्र कवचाच्या कडेबाहेर असेल तर नर. शेपूट बारीक, आखूड आणि छिद्र कडेच्या आत किंवा कडेलगत असेल तर मादी. घाबरलेलं कासव शेपूट कवचाखाली दुमडून घेतं आणि नरही मादी वाटतो. अशा वेळी ओढाताण करू नका, पाण्यात सोडा. पोहताना शेपूट सरळ होते, टाकीच्या काचेतून नीट दिसते. उलटं फार वेळ धरू नये. नंतर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब लावणारा जिवाणू असू शकतो.

नखं आणि शेपूट वेगवेगळं सांगत असतील तर शेपटीचं खरं मानावं.