क्रँकचा टायमिंग गिअर आणि इंडक्शन हीटर: मुंबईच्या दारूखान्यातल्या गाळ्यातले नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरात मी इंजिनाचे गिअर तापवून चढवायला विजेवरचा इंडक्शन हीटर घेतला तेव्हा गाळ्यात सगळ्यांनी एकच विचारलं, गॅस आहे, तेलाची कढई आहे, मग ४०,००० रुपये कशाला घालवतोस? आता जुलै संपत आलाय. १ जूनच्या मासेमारी बंदीत उतरवलेली इंजिनं एकेक करून बोटींवर परत चाललीत. या नऊ महिन्यांत मी या हीटरवर एकवीस क्रँक गिअर चढवले. आता त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारची बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात.

आमच्याकडे मुख्यतः मासेमारी बोटींची सहा सिलिंडर डिझेल इंजिनं येतात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावर टायमिंग गिअर बसतो आणि त्याच्यावरूनच कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप फिरतात. गिअरचं भोक शाफ्टपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवलेलं असतं. चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा पोलादी तुकडा, त्याची जागा पक्की करते, पण खरी पकड त्या घट्टपणाची. म्हणूनच तो थंडा चढत नाही आणि चढवूही नये.

तरी चढवतात. पाइप लावून घणाने ठोकत नेतात. प्रत्येक ठोका क्रँकमधून थेट थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकतीवर, जातो आणि गिअरच्या दातांच्या कडा उडतात ते वेगळंच. मी स्वतः बरीच वर्षं गॅसने तापवायचो. ज्योत एका बाजूला लागते, गिअर एका बाजूने फुलतो, आणि नेमकं किती तापलं ते कळत नाही. चार वर्षांपूर्वी एका गिअरच्या दातांवर निळसर झाक आलेली मी पाहिली आणि तरी तो बसवला. पोलादावर निळा रंग म्हणजे तापमान ३०० डिग्रीच्या आसपास गेलं, दातांचं कडकपण उतरलं. त्या बोटीचं इंजिन पुढच्या हंगामातच परत उघडावं लागलं. दात चमच्यासारखे झिजले होते. नाखवा काही बोलला नाही, फक्त गिअर हातात घेऊन बघत राहिला. ते मला अजून टोचतं.

हीटरचं तत्त्व सोपं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरची आडवी पट्टी काढायची, ती गिअरच्या भोकातून ओवायची, गिअरसकट परत ठेवायची. मग गिअर हाच एका वेढ्याची कॉइल होतो, त्याच्यात प्रचंड करंट फिरतो आणि तो आतूनच तापतो. ज्योत नाही, धूर नाही. तापमानाचा सेन्सर लोहचुंबकाने चिकटतो. तो दातांवर लावू नका, भोकाच्या कडेला लावा. उष्णता आधी आत येते आणि आपल्याला भोकच फुलवायचंय. आमचे गिअर दीड-दोन मिनिटांत १५० डिग्रीला पोचतात. ठरवलेलं तापमान आलं की यंत्र शिट्टी देतं आणि शेवटी गिअरमधलं चुंबकत्व आपोआप काढतं. मी तरी प्रत्येक वेळी एक टाचणी लावून बघतो. चुंबकत्व राहिलं तर तेलातला लोखंडाचा कीस दातांवर जमत राहतो.

पण यंत्र आलं म्हणून मोजायचं सुटलं असं नाही, आणि या सगळ्यात मला सर्वांत कळकळीने हेच सांगायचंय. आधी शाफ्ट मायक्रोमीटरने आणि गिअरचं भोक बोअर गेजने मोजा, तीन ठिकाणी. पोलाद दर डिग्रीला दर मीटरला साधारण ०.०११५ मिलिमीटर फुलतं. म्हणजे ६० मिलिमीटरचं भोक ३० डिग्रीवरून १५० ला नेलं तर जवळपास ०.०८ मिलिमीटर मोठं होतं. घट्टपणा, म्हणजे शाफ्ट आणि भोकाच्या मापातला फरक, ०.०४५ असेल तर साडेतीन शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते आणि गिअर हाताने सरकतो. घट्टपणाच ०.०८ निघाला तर हीटर १५० दाखवूनही गिअर अर्ध्यात अडकणार. तेव्हा तापमान वाढवत बसायचं नसतं, भाग चुकीचा आलाय का ते बघायचं. मॅन्युअलमध्ये तापमानाची मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळायची. २०० च्या वर मी कधीच जात नाही.

जूनमधला एक दिवस सांगतो. बाहेर पाऊस धो धो, रे रोडवर गुडघाभर पाणी, आणि एक नाखवा आपलं इंजिन बघायला छत्री निथळत आला. मी शाफ्ट पुसून घेतला, चावी बसवली, बोटाने धार तपासली, शाफ्टवर तेलाचा पातळ हात फिरवला. हातमोजे कोरडे आहेत ना ते पाहिलं. ओल्या हातमोज्याने तापलेला गिअर धरला तर वाफेने हात भाजतो, आणि पावसाळ्यात ही चूक फार होते. शिट्टी झाली. पोराला म्हटलं, "बाजूला हो." गिअर उचलला, चावीची खाच वर, गिअर एकमेकांशी जुळवायची टायमिंगची खूण माझ्याकडे, आणि सरळ ढकलला. शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जाड भागाच्या कडेला, टेकल्याचा टक्क असा एकच आवाज आला. नाखवा म्हणाला, "मेस्त्री, एवढंच? हातोडी नाय?" मी म्हटलं, "नाखवा, आता लागली तर समजा आमचं चुकलं."

पण टेकला म्हणजे संपलं नाही. गार होताना गिअर आकसतो आणि खांद्यापासून किंचित मागे सरकू शकतो. म्हणून पाइपचा तुकडा आणि नट लावून मिनिट-दीड मिनिट दाबून धरायचा. गार झाल्यावर ०.०५ मिलिमीटर जाडीची फिलर पट्टी खांद्याजवळ घालून बघायची. ती आत जायला नको. शाफ्टवर सरकवायला हातात फार तर दहा सेकंद असतात. त्या वेळात पान्हा शोधायला लागलात तर गिअर अर्ध्यावर आवळला जातो.

डिसेंबरमध्ये माझ्याच हातून एक घोळ झाला. गडबडीत गिअर उलटा तापवायला ठेवला, उलटाच उचलला आणि टायमिंगची खूण आतल्या बाजूला गेली. चावीमुळे बसला अगदी व्यवस्थित, म्हणून कळलं नाही. आयडलर, म्हणजे मधला जोडगिअर, लावायला घेतल्यावर खूणच सापडेना. ३० दातांच्या गिअरला एक दात म्हणजे क्रँकचे १२ अंश, अंदाजाने जुळवायची ही गोष्ट नव्हे. पुलर, म्हणजे गिअर ओढून काढायचं साधन, लावून काढताना शाफ्टवर ओरखडा आला तो पॉलिश करावा लागला. तेव्हापासून मी तापवायच्या आधी खुणेच्या बाजूवर खडूने मोठी फुली मारतो. खडू १५० डिग्रीला टिकतो, शाईच्या मार्करचा काही भरवसा नाही.

काढण्याच्या कामात हा हीटर निरुपयोगी आहे. शाफ्टवर बसलेल्या गिअरमध्ये पट्टी ओवणार कुठून? तिथे पुलरच. आणि १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवाच. पहिल्याच आठवड्यात मी साध्या बोर्डावर लावला आणि सॉकेट वितळलं. यंत्राचा दोष नाही, आमच्या गाळ्याचं वायरिंगच तसं होतं. शेजारच्या गाळ्यातल्या काकांना पेसमेकर आहे. हीटर चालू असताना त्यांना आत येऊ देत नाही, तसं सांगायला संकोच वाटला तरी. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवायचं.

इन्फ्रारेड गन मी सोबत ठेवतो, पण घासून चकचकीत केलेल्या धातूवर ती खरं तापमान कमीच दाखवते. एकदा हीटरवर १५० असताना गनवर नव्वदच्या घरात आकडा होता. जिथे मोजायचं तिथे काळा ठिपका द्यावा लागतो.

तेलाची कढई मात्र मी काढून टाकलेली नाही. बत्ती गुल झाली की तीच कामाला येते. जाळीवर ठेवलेला गिअर तळाला न टेकता तेलात सारखा तापतो. फक्त थर्मामीटर हवा, आणि चढवण्याआधी भोक पुसायला जे दोन-तीन सेकंद जातात ते त्या दहातूनच जातात.

घ्यायचा विचार असेल तर नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाताना आपल्याकडच्या सर्वांत लहान भोकाचा गिअर पिशवीत टाकून न्या आणि आडव्या पट्टीवर तो जातो का ते दुकानातच बघा. माझ्या हीटरबरोबर आलेल्या पट्टीवर दोन सिलिंडर इंजिनाचा गिअर चढतच नव्हता. बारीक पट्टी वेगळी मागवावी लागली, आणि ती येईपर्यंत ते इंजिन तीन आठवडे तसंच उघडं पडून होतं.