शाडू माती, पाच किलो: गेम आर्ट शिकणाऱ्याच्या नजरेतून

शाडूच्या मातीचं परीक्षण कोणी लिहीत नाही, कारण आपल्याकडे ती गणपतीपुरतीच घरात येते. मी ती घेतली कवट्या करायला. पुण्यात गेम आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॅरेक्टर आर्टिस्ट, म्हणजे गेममधली पात्रं घडवणारी, व्हायचंय. आमच्या शिल्पकलेच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, "झेडब्रश नंतर. आधी हाताने एक कवटी करून आण." (झेडब्रश म्हणजे कॉम्प्युटरवर शिल्प घडवायचं सॉफ्टवेअर.) त्या निमित्ताने तीन प्रकारच्या माती हाताळून झाल्या: शाडू, ऑइल क्ले (तेलातली, न सुकणारी माती) आणि स्क्रीनवरची. खिशात मोजके पैसे असताना ते कशावर घालावेत, हे ज्युनिअर मुलं सारखं विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पाच किलो शाडूची पिशवी मला दोनशेच्या आत पडली. परदेशी ऑइल क्लेचा डबा मागवायचा तर हिशेब हजारांत जातो. शाडू पावडरच्या रूपात येते, पांढुरकी-करडी. तयार भिजवलेली मातीही मिळते, पण पावडरच घ्या. ओलेपणा आपल्या हातात राहतो. पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायची आणि सकाळी पुन्हा मळायची. मी फेब्रुवारीत गॅलरीत बसून हा उद्योग करत होते, तर घरमालकीण काकू डोकावल्या. "गणपतीची इतक्या लवकर तयारी गं?" म्हटलं, काकू, कवटी आहे. त्यानंतर आठवडाभर त्या गॅलरीत फिरकल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. शाडू वाळते, आणि वाळताना आकसते. आधारासाठी आत घातलेली तार मात्र आकसत नाही, म्हणून मानेपाशी हमखास तडा जातो. यावर मूर्तिकारांचा उपाय आहे: काथ्या बारीक कातरून मातीत मळायचा. तडे खूप कमी होतात. पण पापणीची कड कोरायला घेतली, की कोरणीच्या टोकाला नेमका काथ्याचा धागा अडकतो आणि कडेचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. म्हणून आतल्या गाभ्याला काथ्याची माती आणि वरच्या बोटभर थराला साधी, असं करावं. नाक आणि कान पातळ आणि पुढे आलेले, त्यामुळे ते आधी सुकतात. सुकलेल्यावर ओली माती थापली तर दुसऱ्या दिवशी पापुद्रा सुटून खाली. आधी ओरखडे काढा, पाण्यात कालवलेली पातळ माती लावा, मग जोडा. काम थांबवलं की ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. उन्हाळ्यात दुपारीसुद्धा एकदा पाणी शिंपडावं लागतं.

एवढी कटकट असूनही मी शाडूच सुचवेन, आणि त्याचं कारण आहे कान. झेडब्रशमध्ये एक्स दाबला की सिमेट्री चालू. एक कान घडवला की पलीकडे दुसरा आपोआप तयार. त्यामुळे कान डोक्यावर नेमका कुठे बसतो, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. मातीत दुसरा कान आपल्यालाच करायचा असतो. मग कॅलिपर (अंतर मोजायचा चिमटा) घेऊन मोजमाप सुरू होतं: वरची कड साधारण भुवईच्या रेषेत, पाळी नाकाच्या तळाच्या रेषेत, बाजूने पाहिलं तर डोक्याच्या मध्यरेषेच्या मागे, आणि सगळा कान किंचित मागे झुकलेला. समोरून पाहिलं की कळतं, की कान डोक्याला चिकटलेला नसतो, मागच्या बाजूने कवटीपासून सुटलेला असतो. बाहेरची कड वरून फिरून पुढे येते आणि कानाच्या वाटीसारख्या खळग्यात शिरून संपते. ती कुठे संपते, हे मला आधी बोटाला कळलं. फोटोवरून मी तोवर किती कान काढले होते, पण तो वळसा प्रत्येक वेळी सावलीत ढकलून दिलेला असायचा.

इथेच चित्रकला येते. सरांची पद्धत अशी: मातीचं डोकं फिरत्या पाटावर ठेवायचं, खोलीतले दिवे बंद, एका बाजूला टेबललॅम्प, आणि चारकोलने चारही बाजूंनी काढायचं. कपाळ कुठे वळून कानशील होतं, गालाचं हाड कुठे प्रकाश सोडतं, हे कागदावर चुकलं की नव्वद टक्के वेळा मातीतही चुकलेलं असतं. अमेरिकन चित्रकार जॉन असारोने चेहऱ्याचे सपाट पैलू पाडलेलं डोकं बनवलं होतं, ते याच अभ्यासासाठी. गेमवाल्यांना हे जास्तच लागतं, कारण शेवटी आपण लाखो पॉलिगॉनच्या (छोट्या सपाट तुकड्यांच्या) शिल्पातले बारकावे काही हजारांच्या जाळीवर नॉर्मल मॅप म्हणून, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणारं चित्र म्हणून, बेक करतो, म्हणजे उतरवतो, आणि मूळ पैलूच गंडलेले असतील तर बेक कितीही स्वच्छ येवो, चेहरा बटाट्यासारखाच दिसतो. माझी इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. पण स्मरणचित्रात बसस्टॉपवरची पाठमोरी माणसं काढून मिळवलेली ग्रेड कवटीसमोर फारशी कामाला येत नाही.

ऑइल क्लेवर अन्याय नको. प्लॅस्टिसीन ही त्यातलीच एक माती; ती १८९७ साली विल्यम हारबट या इंग्लंडमधल्या कलाशिक्षकाने बनवली, तीच मुळी विद्यार्थ्यांना न सुकणारी माती हवी म्हणून. आजही राक्षस, खवले, सुरकुत्या असलं बारीक काम करायचं तर ऑइल क्लेच बरी. महिनाभर झाकून ठेवा, पुन्हा तिथूनच सुरू करा. फ्रेंच शिल्पकार ऊदाँचा १७६७ चा सोललेला माणूस, म्हणजे त्याचा प्रसिद्ध एकोर्शे, बघून स्नायू एकेक करून चढवायचे असतील तर शाडूच्या वाटेला जाऊ नका, ते काम आठवडे चालतं. फक्त एक त्रास: बोटं तेलकट होतात आणि त्याच हातांनी चित्र काढायला घेतलं की कागदावर डाग. त्यावर चारकोल नीट बसत नाही.

स्क्रीनवरच्या मातीबद्दल थोडक्यात: नोकरी तिच्यावरच मिळणार आहे, त्यामुळे ती टाळता येत नाही. झेडब्रशचे पैसे नसतील तर ब्लेंडर फुकट आहे आणि स्कल्प्ट मोडमध्ये शिकण्यापुरतं सगळं होतं. पण अनडू असलं की हात निर्णय घेत नाही, नुसता चाचपडत राहतो. वर्गातल्या मुलांच्या कामात हे लगेच ओळखू येतं: त्वचेची छिद्रं, सुरकुत्या सगळं आहे, आणि खाली जबडाच नाही.

याच्या उलटं काम पाहायचं असेल तर मांडव्याच्या बोटीने अलिबागजवळच्या सासवण्याला जा. तिथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांच्या घरात त्यांचं संग्रहालय आहे. मी त्यांच्या म्हशीसमोर स्केचबुक घेऊन बसले होते. बारकावे जवळपास नाहीत, पण म्हशीचं वजन मात्र पुरेपूर आहे. लो-पॉली, म्हणजे मोजक्या पॉलिगॉनचे, प्राणी करणाऱ्या प्रत्येकाने ती चारही बाजूंनी काढावी.

तर शाडूला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण वाळण्याबद्दल कापला. तुटलेली डोकी बादलीत भिजत घाला, पुन्हा माती तयार. माझी तीच पाच किलो अजून चालू आहे. हातही बादलीतच धुवा, बेसिनमध्ये नको, नळीत गाळ बसतो. आणि विकत घ्यायची तर गणपतीच्या आधीच घ्या. तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. अनंत चतुर्दशी झाली की दुकानदार सरळ "आता पुढच्या वर्षी" म्हणतात, आणि कॉलेजचं सबमिशन असतं डिसेंबरात.